हेरल्डचं तोंड तेच ठेवून उजेड वाढवताना

स्टँडर्ड हेरल्ड ही स्पोर्ट्स कार नव्हे, पण एका स्पोर्ट्स कारची सख्खी बहीण आहे. इंग्लंडमध्ये ट्रायम्फ कंपनीने १९५९ साली हेरल्ड बाजारात आणली. तिचं रूप इटलीच्या जोवानी मिकेलॉत्ती यांनी रेखाटलं होतं. तीच चासी आखूड करून १९६२ साली ‘स्पिटफायर’ ही दोन माणसांची उघडी गाडी निघाली, तीही मिकेलॉत्तींच्याच हातची. आपल्याकडे मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सने १९६१ ते १९७१ या काळात हेरल्ड बनवली. हेरल्ड आणि स्पिटफायर, दोघींची खूण एकच. बॉनेट दोन्ही मडगार्डांसकट एकसंध, बिजागऱ्या पुढच्या बाजूला. मागून उचललं की गाडीचं अख्खं तोंड पुढे कलतं आणि इंजिन उघडं पडतं.

मी भूममध्ये गाड्यांचं वायरिंग करतो. माझ्याकडे येणारं काम बहुतेक ट्रॅक्टर, पिकअप आणि जीपचं. त्यात आमच्या भागातल्या एका डॉक्टरांची हेरल्ड आली. वडिलांच्या हातची गाडी, बरीच वर्षं गोठ्याशेजारी झाकून ठेवलेली. डॉक्टर म्हणाले, “मिस्त्री, हिला पुढून एकदम स्पोर्ट लूक द्या. एलईडी टाका, बंपर बदला, वाटलं तर गार्ड बसवा.” मी म्हटलं, “डॉक्टरसाहेब, आधी हिचा उजेड कुठे अडलाय ते बघू. लूक नंतर.”

जुन्या गाडीचे दिवे मिणमिणतात तेव्हा पहिला दोष बल्बला दिला जातो. बल्बचा दोष क्वचितच असतो. मी इंजिन बंद ठेवून मीटर लावला. बॅटरीवर साडेबारा व्होल्ट होते, दिवा लावून बल्बच्या होल्डरवर पाहिलं तर दहाच्या आसपास. मधले अडीच व्होल्ट वाटेतच जिरत होते. लांबच्या विहिरीवरून जुन्या, गंजलेल्या पाइपातून पाणी आणलं की शेताच्या टोकाला धार बारीक होते, तसंच हे आहे. आणि बल्बचा उजेड व्होल्टेजपेक्षा फार वेगाने पडतो. व्होल्टेज दहा टक्के घटलं की उजेड जवळपास तीस टक्के घटतो.

हेरल्डमध्ये ही गळती कुठे होते ते ठरलेलं आहे. दिव्यांच्या वायरी कलत्या बॉनेटमध्ये जातात. बॉनेट जितक्या वेळा उघडेल तितक्या वेळा बिजागरीजवळ वायर वाकते. वरचं आवरण शाबूत दिसतं, आतली तार मात्र तुटत जाते. दुसरी जागा अर्थची. बॉनेट रंगवताना अर्थच्या टोकाखाली रंग जातो, मग गंज चढतो. एका बाजूची अर्थ गेली की करंट दुसऱ्या फिलामेंटमधून वाट शोधतो आणि त्या दिव्याच्या दोन्ही तारा अर्धवट तांबूस पेटतात. असा दिवा दिसला की बल्ब न काढता आधी अर्थ घासावी.

डॉक्टरांच्या गाडीत मी बॅटरीपासून फ्यूज घालून जाड वायर थेट पुढे नेली आणि अप्पर-डिपरला वेगवेगळे रिले दिले. रिलेवर ३०, ८५, ८६, ८७ असे आकडे असतात. ३० वर बॅटरीचा करंट येतो, ८७ वरून दिव्याकडे जातो. ८५ आणि ८६ ला जुन्या स्विचची वायर आणि अर्थ. आता पन्नास-साठ वर्षांचा तो स्विच नुसता रिलेला हुकूम देतो, दिव्यांचा भार त्याच्या अंगावर येत नाही. प्रत्येक दिव्याला स्वतंत्र काळी वायर थेट चासीपर्यंत दिली. बाहेरून यातलं काहीच दिसत नाही. उद्या कुणाला काढून टाकायचं झालं तर मूळ वायरिंगला कात्रीही लागलेली नाही.

मग बल्ब. हेरल्डचे दिवे सात इंची गोल, त्यामुळे एचफोर हॅलोजनची काच-परावर्तक जोडी त्यात नीट बसते. बल्ब ६०/५५ वॉटचा घेतला. बाजारात १००/९० वॉटचेही मिळतात, पण या गाडीला डायनॅमो आहे आणि अशा डायनॅमोची ताकद पूर्ण फेऱ्यांवर बावीस अँपिअरच्या आसपास असते. शंभर वॉटचे दोन दिवेच सोळा-सतरा अँपिअर खातात. बाजाराच्या गर्दीत गाडी रेंगाळली की बॅटरी उतरलीच म्हणून समजा. एलईडी करंट कमी खाते हे खरं, पण हॅलोजनच्या परावर्तकात एलईडी बल्ब खोचला की उजेडाचा उगम मूळ जागेवरून हलतो आणि झोत विस्कटतो. गाडीपुढे पांढरा लख्ख चकचकाट होतो, लांबचा रस्ता अंधारातच राहतो.

काच घेताना ती डाव्या बाजूने चालणाऱ्या वाहतुकीची आहे का, हे बघाच. अशा काचेचा डिपरचा झोत डावीकडे थोडा वर चढतो, म्हणजे रस्त्याची कड आणि पायी चालणारा दिसतो. उजव्या बाजूने वाहतूक चालणाऱ्या युरोपीय देशांतून मागवलेल्या काचेचा झोत उजवीकडे चढतो. आपल्याकडे तो थेट समोरच्या ड्रायव्हरच्या डोळ्यांत जातो. पूर्वी काचेच्या वरच्या भागावर काळा रंग फासायची पद्धत होती, ती याच चकाकीपोटी. त्यापेक्षा फोकस भिंतीवर लावावा. सपाट जागी गाडी भिंतीपासून पंचवीस फुटांवर उभी करायची, दिव्याच्या मध्याची उंची खडूने भिंतीवर आखायची आणि डिपरच्या झोताची वरची कड त्या रेषेच्या तीन इंच खाली आणायची.

बंपरच्या बाबतीत डॉक्टरांना मी एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारची हकिगत सांगितली. १९७०च्या दशकात अमेरिकेने कमी वेगाच्या टकरीत गाडीचे दिवे फुटू नयेत असे नियम केले. त्यापायी १९७४ मध्ये एमजीबीला क्रोमच्या जागी काळ्या रबराचे जाडजूड बंपर आले आणि गाडी उंचही करावी लागली. वळणावरची तिची पकड बिघडली. आज कित्येक मालक खर्च करून ते रबर काढतात आणि क्रोम परत लावतात.

म्हणून हेरल्डचा मूळ बंपरच आम्ही प्लेटिंगला दिला. आधी जुना थर उतरवतात, मग डेंटिंग आणि बफिंग, मग तांबं, त्यावर निकल आणि शेवटी क्रोम. क्रोमचा थर मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो. गंज अडवायचं खरं काम खालचं निकल करतं. स्वस्तात करणारे तिथेच हात आखडतात आणि पावसाळ्यानंतर तांबडे ठिपके उमटतात. बंपरची आतली बाजूही विसरू नये, चिखल तिथेच साचतो.

गार्डला मी साफ नकार दिला. केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना अशा क्रॅश गार्डांवर कारवाई करायला सांगितलं. गार्डमुळे धडकेचा जोर थेट चासीवर जातो आणि समोर माणूस असेल तर त्याला लोखंडच लागतं. हेरल्डमध्ये तर पुढचा दणका बिजागऱ्यांपर्यंत पोचतो आणि बॉनेट पुन्हा सरळ बसत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसी बुकातला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं. २०२१ पासून पन्नास वर्षांवरच्या गाड्यांची ‘व्हीए’ अक्षरांच्या क्रमांकाने व्हिंटेज नोंदणी करता येते. आपल्याकडची प्रत्येक हेरल्ड त्या वयाची झाली आहे. अट अशी, की चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार नको. मात्र अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर काढता येत नाही, हेही नोंदणीआधी ध्यानात घ्यावं.

भूम-बार्शी रस्त्यावर हंगामात उसाच्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या अंधारात चालतात, अनेकांच्या मागे लाल दिवा नसतो. खव्याच्या पिकअप वेळ गाठायच्या घाईत असतात. अशा रस्त्यावर पुढचे दिवे हे गाडीचं सगळ्यात महत्त्वाचं काम करतात, आणि ते काम आपल्याइतकंच समोरून येणाऱ्यासाठीही असतं. घरात जुनी गाडी असेल आणि तिच्या पुढच्या भागावर खर्च करायचा असेल, तर पहिला पैसा वायर, अर्थ आणि रिलेवर घाला, दुसरा चांगल्या काचेवर आणि फोकसवर, तिसरा क्रोमवर. चौथ्या खर्चाची गरज पडत नाही. मिकेलॉत्तींनी तिला दिलेलं तोंड पुरेसं देखणं आहे.