होंडा सीबी ७५० (१९६९) : मूळ भागांच्या ओळखीचे निकष

बीजसंज्ञा : मूळ भाग, अस्सल बदली भाग, प्रतिकृती, ओतकाम, अंतर्गत पुरावा

प्रस्तावना

जपानच्या होंडा कंपनीने ऑक्टोबर १९६८ मध्ये टोकियो येथील वाहनप्रदर्शनात सादर केलेली व १९६९ पासून विक्रीस आणलेली सीबी ७५० ही मोटारसायकल यंत्रेतिहासातील महत्त्वाचा टप्पा मानली जाते. एका ओळीतील चार सिलिंडर आणि पुढच्या चाकाचा डिस्क ब्रेक यांचा संयोग तिने मोठ्या प्रमाणावरील उत्पादनात आणला. आज तिच्या आरंभीच्या गाड्यांना संग्राहकांत मोठी मागणी आहे. २०१८ मध्ये ब्रिटनमधील एका लिलावात तिच्या उत्पादनपूर्व नमुन्यास एक लाख पौंडांहून अधिक किंमत आली. मोल वाढले की नक्कलही वाढते. त्यामुळे एखादा भाग मूळचा आहे काय, हा प्रश्न केवळ हौसेचा न राहता पुराव्याचा ठरतो. प्रस्तुत लेखात या पुराव्याच्या निकषांचा परामर्श घेतला आहे.

'मूळ' या संज्ञेची व्याप्ती

येथे तीन कोटींमध्ये भेद करणे आवश्यक आहे. कारखान्यातून गाडी बाहेर पडताना तिच्यावर असलेला भाग हा 'मूळ' होय. त्याच कंपनीने पुढे दुरुस्तीसाठी पुरविलेला भाग 'अस्सल' असतो, परंतु मूळ नव्हे. इतरांनी बनविलेला तसाच भाग ही 'प्रतिकृती' होय. होंडाच्या त्या काळातील भागक्रमांकात पहिले पाच अंक भागाचे कार्य सांगतात, तर मधले तीन अंक प्रतिमान दर्शवितात. सीबी ७५० साठी ते ३०० आहेत. हा क्रमांक जुळल्यास भाग अस्सल असण्याची शक्यता दिसते, परंतु त्याचे मूळत्व सिद्ध होत नाही.

प्रत्यक्ष निकष

*ओतकाम :* आरंभी वर्षाला १,५०० गाड्यांचे उद्दिष्ट होते. मागणीची खात्री नसताना उच्च दाबाच्या ओतकामासाठी महागडे साचे करणे परवडणारे नव्हते. म्हणून पहिल्या सुमारे ७,४०० गाड्यांचे क्रँककेस धातूच्या साच्यात केवळ गुरुत्वाकर्षणाने रस ओतून घडविले गेले. त्यांचा पृष्ठभाग खरबरीत असल्याने संग्राहकांत त्यांना 'वाळूच्या साच्यातील' हे नाव पडले. प्रत्यक्षात येथे वाळूचा साचा वापरलेला नव्हता. मागणी अपेक्षेच्या अनेक पटींनी वाढल्यावर ही पद्धत बदलली व पृष्ठभाग गुळगुळीत झाला. अशा रीतीने पृष्ठभागाचा पोतच काळाची साक्ष देतो.

*क्रमांक :* या आरंभीच्या गाड्यांचे सांगाडा क्रमांक १००७४१४ पर्यंत आहेत. सांगाड्याचा व इंजिनाचा क्रमांक तंतोतंत एकच असावा, असा येथे नियम नाही. उलट दोन्ही क्रमांक हुबेहूब जुळत असतील, तर ते नव्याने ठोकले आहेत काय, हे तपासणे इष्ट ठरते.

*कार्बोरेटर :* आरंभीच्या गाड्यांत चारही कार्बोरेटर स्वतंत्र वायरींनी ओढले जात. १९७० मध्ये आलेल्या सुधारित प्रतिमानात त्यांऐवजी सामायिक जोडदांडा आला.

*सायलेन्सर :* आरंभीच्या गाड्यांचे सायलेन्सर 'एचएम ३००' या संकेताने ओळखले जातात. 'एचएम ३४१' हा संकेत नंतरच्या सायलेन्सरवर आढळतो. ते अस्सल असले तरी १९६९ च्या गाडीचे मूळ भाग नव्हेत.

*स्क्रू :* फुलीच्या खाचेचे स्क्रू जपानी औद्योगिक मानकाचे असून त्यांच्या माथ्यावर बहुधा लहानसा ठिपका असतो. पाश्चात्त्य मानकाचा स्क्रूड्रायव्हर त्यांत नीट बसत नाही व खाच झिजते. त्यामुळे अखंड खाचेचे, ठिपक्याचे स्क्रू इंजिन फारसे उघडले गेले नसल्याचे सूचित करतात. मात्र एवढ्यावरून निर्णय देता येत नाही.

निष्कर्ष

कोणताही एक निकष निर्णायक नाही. क्रमांक नव्याने ठोकता येतो, भाग दुसऱ्या गाडीवरून आणता येतो. ओतकाम, क्रमांक, वायरी, संकेत व स्क्रू यांची साक्ष एकाच कालखंडाकडे निर्देश करते, तेव्हाच मूळत्वाचे अनुमान सबळ होते. हस्तलिखिताची चिकित्सा करणारा अभ्यासक अंतर्गत पुराव्याची जी सुसंगती शोधतो, तीच येथेही शोधावी लागते. जुनी गाडी नवी दिसावी म्हणून क्रँककेस घासून चकचकीत केला, तर तो खरबरीत पोत कायमचा नाहीसा होतो आणि पुढील अभ्यासकाच्या हाती पुरावाच उरत नाही. यास्तव डागडुजीपूर्वी प्रत्येक भागाची नोंद व छायाचित्रे घेणे आणि काढलेला जुना भाग जपून ठेवणे, हे जीर्णोद्धाराचे पहिले कर्तव्य ठरते.