पाण्याखाली डांबलेल्या पाणबुड्या

पाणबुडी म्हणजे कायम पाण्याखाली राहणारी बोट, असे अनेकांना वाटते. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन पाणबुड्या मात्र बहुतेक वेळ पाण्यावरूनच धावत. सर्वाधिक वापरात असलेली सातव्या प्रकारची पाणबुडी डिझेल इंजिनांवर तासाला सुमारे १७ सागरी मैल जाई. बुडी मारली की वेग साडेसातच्या आसपास येई, आणि त्या वेगाने बॅटऱ्याही लवकर उतरत.

त्यामुळे पाणबुडी बुडवली नाही तर गस्ती विमानाची फेरी फुकट गेली, हा हिशेबच चुकीचा आहे. अमेरिकेच्या सिव्हिल एअर पट्रोलचे हौशी वैमानिक मार्च १९४२ पासून ऑगस्ट १९४३ पर्यंत छोट्या खासगी विमानांतून अटलांटिक किनाऱ्यावर गस्त घालत होते. सुरुवातीला त्यांच्याकडे शस्त्रेही नव्हती. दोन पाणबुड्या बुडवल्याचा त्यांचा दावा युद्धानंतर सापडलेल्या नोंदींत टिकला नाही. तरीही त्यांची कामगिरी मोठीच म्हटली पाहिजे. आकाशात ठिपका दिसला की कप्तान बुडी मारण्याचा हुकूम देई. ते विमान निःशस्त्र आहे हे त्याला कळणार कसे? आणि पाण्याखाली मंदावलेल्या बोटीच्या तावडीतून मालवाहू जहाज निसटून जाई.

गस्ती विमानातल्या नकाशाबद्दलचा समजही असाच अपुरा आहे. खाली पाहायचे, नदी-रेल्वे ओळखायची आणि नकाशाशी जुळवायचे, हे जमिनीवर ठीक. समुद्रावर जुळवायला काहीच नसते. तिथे हवाई नकाशा हा गणिताचा कागद होतो: वेग, दिशा, गेलेला वेळ आणि वाऱ्याने ढकललेले अंतर मांडून आपली जागा काढायची. तासाला २० मैलांचा आडवा वारा हिशेबात धरला नाही, तर दोन तासांत विमान ४० मैल भरकटते. म्हणून धुराचा डबा पाण्यात टाकून विमान किती सरकते, हे मोजत. पाणबुडी दिसूनही तिची जागा चुकीची कळवली, तर मदतीला निघालेली विनाशिका रिकाम्या पाण्यावर पोहोचणार.

वैमानिकांचे प्रसिद्ध रेशमी नकाशे उड्डाणासाठी नव्हतेच. शत्रूच्या मुलखात उतरावे लागल्यास निसटण्यासाठी ते दिले जात. रेशीम कुरकुरत नाही आणि भिजले तरी फाटत नाही.

अमेरिकेच्या किनाऱ्यावरचे दिवे मंद करण्यामागे केवळ बॉम्बची भीती होती, हेही खरे नाही. १९४२च्या सुरुवातीला शहरांच्या झगमगाटावर जहाजांच्या काळ्या आकृत्या उठून दिसत आणि पाणबुड्यांना आयते लक्ष्य मिळे. मे महिन्यात जहाजे ताफ्यांनी, युद्धनौकांच्या संरक्षणात जाऊ लागली, वर विमानेही होती. जुलैत जर्मन पाणबुडी दलाचा प्रमुख ॲडमिरल डोनिट्झने अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर उरलेल्या पाणबुड्या माघारी बोलावल्या.