‘बग’ शब्दाची जन्मकथा: एक पडताळणी



संगणकक्षेत्रातील माणसे एकत्र जमली की गप्पांच्या ओघात एक गोष्ट हमखास निघते. १९४७ साली अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात ‘मार्क टू’ हे अजस्र गणनयंत्र बिघडले. शोध घेता आत अडकलेला एक पतंग सापडला, दिव्यावर झेप घेतो तसला. ग्रेस हॉपर यांनी तो बाहेर काढला आणि तेव्हापासून यंत्रातील दोषाला ‘बग’, म्हणजे किडा, म्हणू लागले. गोष्ट इतकी सुबक आहे की भाषेच्या अभ्यासकाने तेवढ्यानेच सावध व्हावे.

घटना खरी आहे. मार्क टू हे यंत्र रिलेंवर, म्हणजे विद्युतचुंबकाने उघडझाप करणाऱ्या स्विचांवर चाले. रिलेच्या दोन संपर्कबिंदूंमध्ये काही आले की विद्युतमंडल पूर्ण होत नाही. ९ सप्टेंबरला सापडलेला तो पतंग तेथील कर्मचाऱ्यांनी नोंदवहीत चिकटपट्टीने चिकटवला. ती वही आज स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात आहे. पतंग हॉपर यांना स्वतःला सापडला नव्हता. त्या हा प्रसंग व्याख्यानांतून रंगवून सांगत, म्हणून त्यांचे नाव त्याला जोडले गेले.

आता त्या नोंदीची भाषा पाहा. ‘बग सापडल्याचे पहिले प्रत्यक्ष उदाहरण’ अशा आशयाचे वाक्य तेथे आहे. आपण थांबायचे ते ‘प्रत्यक्ष’ या शब्दापाशी. ‘बग’ हा शब्द लाक्षणिक अर्थाने आधीच रूढ नसता, तर ‘प्रत्यक्ष’ म्हणण्याचे प्रयोजन काय? लिहिणाऱ्याने विनोद केला होता; पुढच्या पिढ्यांनी त्याला जन्मदाखला मानले.

जुना पुरावाही उपलब्ध आहे. थॉमस एडिसनने १८७८ सालच्या एका पत्रात, बारीकसारीक दोषांना ‘बग’ म्हणतात, असे लिहिले आहे. ‘म्हणतात’ यावरून शब्द त्याचा एकट्याचा नव्हता असे दिसते. १८८९ साली लंडनच्या ‘पॅल मॅल गॅझेट’ने, फोनोग्राफमधील ‘बग’ शोधण्यासाठी एडिसन दोन रात्री जागल्याचे वृत्त देताना, यंत्रात दडलेला काल्पनिक किडा असा या शब्दाचा खुलासाही केला. हार्वर्डचा पतंग त्यानंतर अठ्ठावन्न वर्षांनी आला.

काटेकोरपणे पाहता ही लोकव्युत्पत्ती नव्हे, कारण येथे शब्दाचे रूप बदललेले नाही. ही व्युत्पत्तीविषयीची दंतकथा आहे. अर्थविस्तार हळूहळू, अनेकांच्या तोंडी घडतो. त्याला तारीख नसते, नायक नसतो. दंतकथा नेमके हेच पुरवते.

किड्यावर दोष ढकलण्याची रीत मराठीलाही परकी नाही. काम अडले की ‘कुठे माशी शिंकली?’ असे आपण विचारतोच. तरी ‘बग’ आपण तसाच उसना घेतला. ‘बग आला’, ‘बग काढला’ असा तो पुल्लिंगी रुळला; पण त्याचा केवळ तांत्रिक अर्थ मराठीत आला, किडा मात्र इंग्रजीतच राहिला. म्हणूनच नोंदवहीतील तो विनोद मराठीत सांगायचा तर आधी समजावून द्यावा लागतो.

स्वाध्याय: आपण ज्या कारखान्यात, कार्यालयात किंवा शेतीव्यवसायात आहात, तेथे बिघाडासाठी वापरला जाणारा एखादा शब्द निवडा. त्याच्या उगमाविषयी सहकारी काय सांगतात ते लिहून घ्या आणि त्या कथेला छेद देणारा एखादा जुना वापर आढळतो का, ते शोधा.