एका वेळी एकच फोटॉन सोडणं इतकं अवघड का?

एक मिलिवॉटचा लाल लेसर पॉइंटर सेकंदभर चालू ठेवला, तर त्यातून सुमारे ३० कोटी गुणिले एक कोटी इतके फोटॉन बाहेर पडतात. फोटॉन म्हणजे प्रकाशाचा सर्वांत लहान कण. असे ढीगभर फोटॉन मिळवणं सोपं आहे. हवा तेव्हा नेमका एकच मिळवणं अवघड. आणि प्रकाशावर चालणाऱ्या क्वांटम कॉम्प्युटरला हवा असतो तो हा एकच. तिथे एकेका फोटॉनवर माहिती साठवलेली असते.

लेसर मंद केला तर?

लेसरमधून फोटॉन मोजून निघत नाहीत, पावसाच्या थेंबांसारखे कसेही पडतात. प्रत्येक झोतात सरासरी ०.१ फोटॉन असेल इतका लेसर मंद केला, तरी १००० झोतांपैकी सुमारे ९०५ रिकामे जातात, ९० मध्ये एक फोटॉन असतो आणि ५ मध्ये दोन किंवा जास्त. रिकामे झोत वेळ वाया घालवतात. जास्तीचा फोटॉन गणित चुकवतो. क्वांटम पद्धतीने गुप्त संदेशाची किल्ली पाठवताना तर तो चोराच्या हाती लागू शकतो.

मोजायचे ते इलेक्ट्रॉन

एलईडीमध्ये इलेक्ट्रॉन 'होल' नावाच्या रिकाम्या जागेत पडतो आणि सुटलेली ऊर्जा फोटॉन बनून बाहेर येते. म्हणजे इलेक्ट्रॉन एक, तर फोटॉनही एक. शिवाय इलेक्ट्रॉनला विद्युतभार असतो, त्यामुळे त्याला विजेने अडवता येतं, ढकलता येतं. फोटॉनच्या बाबतीत ही सोय नाही.

यासाठी एक मार्ग आहे क्वांटम डॉटचा. गॅलियम आर्सेनाइडच्या स्फटिकात इंडियम आर्सेनाइडचं काही नॅनोमीटरचं बेट तयार करतात. त्यात इलेक्ट्रॉन आणि होल अडकतात. आत दोन जोड्या असल्या, तर पहिल्या फोटॉनचा रंग शेवटच्या फोटॉनपेक्षा किंचित वेगळा असतो. फिल्टरने फक्त शेवटचा घेतला, की एकच उरतो. २००२ मध्ये इंग्लंडमधील केंब्रिजच्या संशोधकांनी असा विजेवर चालणारा स्रोत दाखवला.

दुसरा मार्ग लाटेचा. चिपच्या पृष्ठभागावरून ध्वनीची लहर सोडतात. सेकंदाला सुमारे एक अब्ज लाटा धावतात. प्रत्येक लाटेच्या खळग्यात सरासरी एकच इलेक्ट्रॉन बसेल असा प्रवाह ठेवतात. लाट त्याला होल असलेल्या भागात नेते आणि तिथे फोटॉन निघतो. केंब्रिजच्याच कॅव्हेंडिश प्रयोगशाळेतील गटाने २०२० मध्ये हे करून दाखवलं.

एकच निघाला, हे कशावरून?

प्रकाशाच्या वाटेत अर्धपारदर्शक आरसा ठेवून दोन्ही बाजूंना एकेक डिटेक्टर लावतात. फोटॉनचे दोन तुकडे होत नाहीत. त्यामुळे तो एकच असेल, तर दोन्ही डिटेक्टर एकाच वेळी कधीच वाजत नाहीत.

अडचणी कुठे?

असे बहुतेक स्रोत उणे २६९ अंश सेल्सियसच्या आसपास थंड ठेवावे लागतात. गॅलियम आर्सेनाइड प्रकाशाला सहज बाहेर सोडत नाही, म्हणून बरेचसे फोटॉन आतच अडकतात. त्यावर उपाय म्हणून डॉटभोवती सूक्ष्म आरशांची पोकळी बांधतात. सर्वांत मोठी अट म्हणजे निघणारा प्रत्येक फोटॉन आधीच्यासारखा हुबेहूब हवा. दोन फोटॉनांच्या रंगात किंवा वेळेत जरासा फरक पडला, तरी त्यांचा एकमेकांशी मेळ बसत नाही आणि गणना बिघडते. म्हणून या स्रोतांची परीक्षा तिहेरी असते: फोटॉन एकच, दर वेळी हमखास आणि दर वेळी अगदी तसाच.