विमान उतरले, माल कधी उतरणार?

२५ एप्रिल २०१५ रोजी दुपारी नेपाळ हादरले. काही तासांतच भारतीय वायुदलाची मालवाहू विमाने काठमांडूकडे निघाली. पाठोपाठ इतर देशांचीही आली. मात्र त्रिभुवन विमानतळाला धावपट्टी एकच आणि विमाने उभी करण्यास जागा मोजक्या. काही विमानांना आकाशात घिरट्या घालून परत फिरावे लागले. खाली माणसे ताडपत्रीच्या एका तुकड्याची वाट पाहत होती.

यातील मर्म व्यापाऱ्यास चटकन उमगावे. वखारीसमोर ट्रक उभा, हमाल आलेले नाहीत आणि मागे चार ट्रक भोंगे वाजवीत आहेत, हा प्रसंग आपल्यापैकी कोणी अनुभवला नाही? जोवर पहिला रिकामा होत नाही, तोवर दुसऱ्यास जागा नाही.

विमानाचे काम त्याहून अवघड. बोइंग ७४७ या मालवाहू विमानात शंभर टनांहून अधिक माल मावतो. परंतु त्याचा मुख्य मजला जमिनीपासून सुमारे पाच मीटर उंच असतो. दहा फूट लांब व आठ फूट रुंद अशा धातूच्या पाटांवर माल रचून, वरून जाळी आवळून बांधलेला असतो. त्यास ‘पॅलेट’ म्हणतात. अशी भरलेली पॅलेट खाली घेण्यास खास उचलयंत्र लागते. ते नसेल किंवा बंद पडले, तर औषधे डोळ्यांसमोर असूनही हाती येत नाहीत. लष्कराच्या सी-१७ किंवा आयएल-७६ विमानांना मागील बाजूस उतरता दरवाजा असल्याने ही अडचण कमी. सुटी खोकी आली, तर मात्र माणसांची रांग लावून हातोहात उतरवणे आले.

काठमांडूत ३ मेपासून अतिजड विमानांना मनाई करावी लागली, कारण धावपट्टीच खचू लागली होती. एक गोष्ट मात्र सुदैवाची. भूकंपाच्या जेमतेम महिनाभर आधी जागतिक अन्न कार्यक्रमाच्या साहाय्याने विमानतळालगत मदतसामग्रीचे गोदाम-केंद्र सुरू झाले होते. उतरलेला माल ठेवण्यास आणि तेथून पुढे पाठविण्यास तीच जागा कामी आली.

माल उतरला तरी तो कामाचा हवा. २००१ च्या भूकंपानंतर कच्छच्या रस्त्यांकडेला जुन्या कपड्यांचे ढीग पडून होते, हे तेथे गेलेल्यांनी पाहिले आहे. पाठविणाऱ्यांच्या भावनेविषयी शंका नाही. पण तो माल चढविण्या-उतरविण्यात गेलेले हात दुसरीकडे हवे होते.

बिजकाशिवाय माल आपण आपल्या पेढीवर उतरवून घेत नाही. दानाच्या मालास मात्र यादी कशाला, असे आपणच म्हणतो! पुढच्या वेळी संघाच्या कार्यालयात खोकी भरताना एका खोक्यात एकच वस्तू घालावी. बाहेर चारही बाजूंस वस्तूचे नाव, नग व वजन, आणि औषध असल्यास त्याची मुदत ठळक लिहावी. त्याआधी तेथील संस्थेस एक फोन करावा. ‘वस्तू नकोत, रक्कमच पाठवा’ असे उत्तर आले, तर खोकी भरूच नयेत.