अभिभाषणाआधी घराचा हिशेब

येत्या काही दिवसांत संसदेचे अर्थसंकल्पी अधिवेशन सुरू होईल. राज्यघटनेच्या अनुच्छेद ८७ नुसार वर्षातील पहिल्या अधिवेशनाच्या आरंभी राष्ट्रपती दोन्ही सभागृहांच्या सदस्यांसमोर अभिभाषण करतात. राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या या अभिभाषणानंतर आर्थिक पाहणी अहवाल येईल आणि पाठोपाठ अर्थसंकल्प. या तिन्हींत अर्थव्यवस्थेचे चित्र कसे असेल, याचा अंदाज बांधणे अवघड नाही. पहिल्या अग्रिम अंदाजानुसार २०२५-२६ या वर्षाचा विकासदर ७.४ टक्के राहील. जुलै ते सप्टेंबर २०२५ या तिमाहीत तो ८.२ टक्के होता. किरकोळ महागाईचा दर ऑक्टोबर २०२५ मध्ये ०.२५ टक्क्यापर्यंत उतरला. सध्याच्या मालिकेतील हा नीचांक आहे. विकास वेगवान आणि महागाई नाममात्र, असा योग कोणत्याही सरकारच्या वाट्याला क्वचितच येतो. तो अभिभाषणात अभिमानाने सांगितला जाणार, आणि त्यात गैर काही नाही.

प्रश्न आहे तो हे ऐकणाऱ्यांचा. रिझर्व्ह बँक दर दोन महिन्यांनी घराघरांत जाऊन लोकांना महागाईविषयी विचारते. गेल्या नोव्हेंबरच्या फेरीत लोकांनी सांगितलेला चालू महागाईचा मध्यम दर साडेसहा टक्क्यांच्या आसपास होता. सरकारी निर्देशांक शून्याला टेकलेला असताना घरातील माणसाला महागाई साडेसहा टक्के वाटते. बँकेचे दुसरे सर्वेक्षण ग्राहकांच्या विश्वासाचे. देशातील १९ मोठ्या शहरांत एकूण आर्थिक परिस्थिती, रोजगार, किमती, स्वतःचे उत्पन्न आणि खर्च या पाच बाबींवर मत विचारले जाते आणि त्यावरून निर्देशांक काढला जातो. शंभरच्या वर आशावाद, खाली निराशा. मे २०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत हा चालू स्थितीचा निर्देशांक ४८.५ इतका खाली गेला होता. तेथून तो बराच सावरला. पण नोव्हेंबर २०२५ मध्येही तो शंभरच्या किंचित खालीच राहिला. देश जगातील सर्वांत वेगाने वाढणारी मोठी अर्थव्यवस्था आहे, असे सांगितले जात असताना शहरी कुटुंबे मात्र ‘वर्षभरापूर्वीपेक्षा बरे चालले आहे’ असे एकूणात म्हणत नाहीत.

यावर दोन ठरीव प्रतिक्रिया येतात. सत्तापक्ष म्हणतो, लोकांपर्यंत खरी माहिती पोहोचत नाही, संवाद वाढवला पाहिजे. विरोधी पक्ष म्हणतो, सरकारी आकडेच खोटे आहेत. मला या दोन्ही भूमिका आळशीपणाच्या वाटतात. सरकारी आकडा आणि घरचा हिशेब हे वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देत असतात. दोन्ही आपापल्या जागी बरोबर असू शकतात. या दोहोंमधले अंतर समजून घेणे हे राज्यकारभाराचे काम आहे.

पहिला फरक दर आणि पातळी यांचा. महागाईचा दर म्हणजे किमती किती वेगाने वाढत आहेत याचे माप. गृहिणी मात्र वेग मोजत नाही. हाती असलेल्या पैशांत किती सामान येते, हे ती पाहते. २०२०-२१ पासून २०२४-२५ पर्यंतच्या पाच वर्षांत वार्षिक महागाई अनुक्रमे ६.२, ५.५, ६.७, ५.४ आणि ४.६ टक्के होती. यांचा चक्रवाढ गुणाकार केला, तर २०१९-२० मध्ये शंभर रुपयांना मिळणारे सामान २०२४-२५ मध्ये सुमारे १३२ रुपयांना मिळू लागले. त्यानंतर महागाई शून्य झाली, याचा अर्थ ते १३२ रुपयांवर थांबले एवढाच. ते पुन्हा शंभरावर आलेले नाही. ज्या घराचे उत्पन्न पाच वर्षांत एक-तृतीयांशाने वाढले, त्याला हा आकडा जाणवत नाही. ज्याचे तसे वाढले नाही, त्याला शून्य महागाईची बातमी थट्टेसारखी वाटते. ज्या कुटुंबाने ‘महागाई आहे’ असे सांगितले, त्याने बहुधा या साचलेल्या वाढीबद्दल सांगितले.

दुसरा फरक सरासरीचा. ग्राहक किंमत निर्देशांकासाठी देशातील १,११४ शहरी बाजार आणि १,१८१ खेडी येथून भाव गोळा केले जातात. हे काम काटेकोर आहे आणि ते करणाऱ्या क्षेत्र-कर्मचाऱ्यांविषयी मला आदर आहे. परंतु कोणत्या वस्तूला किती भारांश द्यायचा, हे अजूनही २०११-१२ मधील कुटुंबांच्या खर्चावरून ठरते. त्यात खाद्यपदार्थ व पेये यांचा वाटा ४५.८६ टक्के आहे. भाज्या आणि डाळी स्वस्त झाल्या की निर्देशांक झपाट्याने खाली येतो; शाळेची फी, औषधे, घरभाडे यांचा भार वाहणाऱ्या शहरी कुटुंबाला मात्र तेवढी उसंत मिळत नाही. २०२३-२४ च्या उपभोग खर्च पाहणीत खाण्यापिण्यावरील खर्चाचा वाटा ग्रामीण भागात सुमारे ४७ टक्के, तर शहरी भागात ४० टक्क्यांहून किंचित कमी आढळला. २०१७-१८ चीही अशी पाहणी झाली होती. पण तिचे निष्कर्ष प्रसिद्ध करायचे नाहीत, असा निर्णय सरकारने नोव्हेंबर २०१९ मध्ये घेतला. परिणामी दहा वर्षांहून अधिक काळ देश जुन्याच टोपलीने बाजार मोजत राहिला. आता २०२४ हे आधारवर्ष असलेली नवी मालिका फेब्रुवारीत येणार आहे. ती उशिरा येत असली तरी तिचे स्वागतच करायला हवे.

एकाच आकड्याचे दोन घरांत दोन अर्थ कसे होतात, हेही पाहिले पाहिजे. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नधान्याच्या किमतींचा दर उणे पाच टक्क्यांवर गेला. दिल्ली वा चेन्नईतील ग्राहकासाठी ही दिलाशाची बातमी. पण नाशिक जिल्ह्यातील लासलगावच्या बाजार समितीत कांद्याची ट्रॉली घेऊन उभ्या असलेल्या शेतकऱ्याच्या दृष्टीने तेच त्याच्या उत्पन्नातील घटीचे माप असते. नोव्हेंबर १९९८ मध्ये महागलेल्या कांद्याने दिल्ली आणि राजस्थानातील सत्ताधाऱ्यांना विधानसभा निवडणुकीत रडवले, ही आठवण प्रत्येक पक्षाने जपली आहे. स्वस्त कांद्याने रडणाऱ्याची आठवण तेवढी जपली जात नाही, कारण तो विखुरलेला असतो. ‘महागाई आटोक्यात’ हे वाक्य अभिभाषणात येईल, तेव्हा ते ऐकणारे सगळे ग्राहकच आहेत असे गृहीत धरलेले असेल.

तिसरा फरक रोजगाराचा. नियतकालिक श्रमबल पाहणीनुसार २०१७-१८ मध्ये बेरोजगारीचा दर ६ टक्क्यांच्या आसपास होता. २०२३-२४ मध्ये तो ३.२ टक्क्यांवर आला. जवळजवळ निम्मा. पण याच काळात काम करणाऱ्यांमधील स्वयंरोजगारितांचे प्रमाण ५२ टक्क्यांवरून ५८ टक्क्यांच्या पुढे गेले. यात स्वतःची पिठाची गिरणी चालवणारा जसा येतो, तशीच घरच्या शेतात वा दुकानात बिनपगारी राबणारी सूनही येते. आंतरराष्ट्रीय व्याख्या काहीही असो, पदवी घेतलेला मुलगा वडिलांच्या टपरीवर बसू लागला, तर सांख्यिकीच्या दृष्टीने तो रोजगारात आहे आणि त्याच्या आईच्या दृष्टीने अजून नोकरीच्या शोधात. सर्वेक्षकाने दोघींपैकी कुणालाही विचारले, तर सून आणि आई एकच उत्तर देतील.

मी इतिहासाचा विद्यार्थी होतो आणि नंतरचे आयुष्य सरकारी सेवेत गेले. वार्षिक प्रशासन अहवाल तयार करताना उद्दिष्ट, साध्य आणि टक्केवारी असे रकाने असत. लाभार्थ्याला स्वतःच्या परिस्थितीविषयी काय वाटते, यासाठी रकाना नसे. या रकान्यांची परंपरा जुनी आहे. ब्रिटिश काळात ‘भारताची नैतिक व भौतिक प्रगती आणि स्थिती’ या नावाचे निवेदन दरवर्षी लंडनच्या संसदेपुढे ठेवले जाई. रेल्वेचे मैल, कालव्यांची लांबी, व्यापारातील वाढ असे सारे त्यात असे. मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात गणित शिकवलेल्या दादाभाई नौरोजींनी या प्रगतीला दिलेले उत्तर सरकारच्याच आकड्यांतून काढले होते. १८६७-६८ साठी त्यांनी दरडोई वार्षिक उत्पन्न वीस रुपये काढले आणि तुरुंगातील कैद्याच्या अन्नवस्त्रावर सरकार जो खर्च करते, तो त्याच्या शेजारी ठेवला. अनेक प्रांतांत मोकळ्या माणसाचे सरासरी उत्पन्न कैद्यावरील खर्चाइतकेही भरत नव्हते. सरकारने १८८२ मध्ये सत्तावीस रुपयांचा, तर लॉर्ड कर्झन यांनी १९०१ मध्ये तीस रुपयांचा अंदाज पुढे केला. आकड्यांचा वाद आजही चालू आहे. दादाभाईंनी विचारलेला प्रश्न मात्र निर्विवाद होता. प्रगती झाली हे मान्य, पण ती माणसाच्या ताटात किती उतरली?

त्या काळाची आणि आजची तुलना करता येणार नाही. परकीय सत्तेला लोकांचे मत विचारण्याची गरज नव्हती. आजच्या सरकारला दर पाच वर्षांनी लोकांसमोर जावेच लागते. तरीही निवडणूक हे आर्थिक समाधानाचे नेमके माप नाही. २००४ मध्ये ‘इंडिया शायनिंग’ची मोहीम जोरात होती. २००२ च्या दुष्काळानंतर शेती सावरली होती आणि एका तिमाहीचा विकासदर दहा टक्क्यांच्या पुढे गेला होता. त्या वर्षी निवडणुकीपूर्वी राष्ट्रपतींचे अभिभाषण झालेच नाही. जानेवारीअखेर भरलेले अधिवेशन नवे की डिसेंबरमधल्याचाच पुढचा भाग, हा वाद रामदास आठवले यांनी सर्वोच्च न्यायालयात नेला. ते वर्षातील पहिले अधिवेशन नव्हते, असा निर्वाळा घटनापीठाने २०१० मध्ये दिला. थोडक्यात, त्या वर्षी अर्थव्यवस्थेचे निवेदन संसदेतून न येता जाहिरातींतून आले. भारतीय जनता पक्षाच्या जागा १८२ वरून १३८ वर घसरल्या.

२०१९ मध्ये उलट घडले. ३१ जानेवारीला राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांचे अभिभाषण झाले, त्याच दिवशी एका इंग्रजी दैनिकाने बेरोजगारी ६.१ टक्क्यांवर पोहोचल्याचा अप्रकाशित अहवाल छापला. तो दाबून ठेवल्याच्या नाराजीतून राष्ट्रीय सांख्यिकी आयोगाच्या दोन सदस्यांनी त्याच आठवड्यात राजीनामे दिले होते. निवडणुकीत सत्ताधारी पक्षाला ३०३ जागा मिळाल्या आणि अहवाल ३१ मे रोजी अधिकृतपणे प्रसिद्ध झाला. ग्राहक विश्वासाचा निर्देशांक मार्च २०१९ मध्ये शंभरच्या वर होता. मे महिन्यात तो खाली आला आणि गेल्या वर्षअखेरपर्यंत त्याने पुन्हा शंभरी गाठलेली नाही. मत देताना माणूस अनेक गोष्टींचा विचार करतो. त्याने सत्ताधाऱ्यांना मत दिले म्हणून त्याचा घरखर्च भागतो, असे समजणे ही विजेत्यांची नेहमीची चूक असते. आणि त्याने मत दिले नाही म्हणून आर्थिक धोरण फसले, असे समजणे ही पराभूतांची.

रिझर्व्ह बँकेच्या याच सर्वेक्षणात एक वेगळीही गोष्ट दिसते. लोकांना पुढील वर्षाविषयी विचारले की निर्देशांक शंभरच्या बराच वर, अलीकडे १२० च्याही पुढे जातो. आज बरे नाही, उद्या बरे होईल, असे हे उत्तर आहे. हे राज्यकर्त्यांचे सर्वांत मोठे भांडवल आहे. जे लोक उद्याबद्दल इतके आशावादी आहेत, त्यांचे आजचे गाऱ्हाणे रडगाणे म्हणून झटकून टाकता येत नाही. ही आशा वर्षानुवर्षे पुढे ढकलली गेली, तर ती केव्हा आटेल, हे कोणताही अग्रिम अंदाज सांगू शकणार नाही.

अभिभाषण राष्ट्रपती वाचतात. त्याचा मसुदा मंत्रिमंडळ ठरवते. त्यामुळे ‘माझे सरकार’ या शब्दांनी सुरू होणारी वाक्ये हा सरकारचाच हिशेब असतो, आणि त्यावरील आभार प्रस्तावाला दुरुस्तीही मांडता येते. मार्च २०१५ मध्ये काळ्या पैशाच्या मुद्द्यावर राज्यसभेने तशी दुरुस्ती मंजूर केली होती. या मंचाचा उपयोग अधिक प्रामाणिकपणे होऊ शकतो. महागाईच्या दरासोबत पाच वर्षांत किमती आणि मजुरी किती वाढली, हे सांगता येईल. रोजगाराच्या आकड्यासोबत पगारी, स्वयंरोजगारित आणि बिनपगारी असे तीन भाग मांडता येतील. रिझर्व्ह बँक जे मत दर दोन महिन्यांनी गोळा करते, आणि आता ग्रामीण व निमशहरी भागातूनही करू लागली आहे, त्याचा एका परिच्छेदात उल्लेख करता येईल.

त्याने कोणत्याही सरकारची प्रतिमा डागाळणार नाही. उलट, दूरचित्रवाणीसमोर बसलेल्या माणसाला आपले घर त्या भाषणात कुठेतरी दिसेल. नवी मालिका येत आहे, त्यामुळे येत्या महिन्यांत सरकारला अनेक नवे आकडे लोकांना समजावून सांगावे लागणार आहेत. ते पटवून देणे किती जड जाईल, हे या अभिभाषणात जुन्या आकड्यांविषयी किती मोकळेपणाने बोलले जाते, यावर बरेचसे ठरेल.