कुंपणाच्या कडेकडेने

लेखमाला – दूरदेशीच्या लेकी : भाग ७

मागच्या आठवड्यात आपण ‘जेन एअर’मधल्या लोवुडच्या शाळेत होतो. करपलेली लापशी, थंडीने सुजलेली बोटं, आणि त्यामागे शार्लट ब्राँटीच्या दोन थोरल्या बहिणी. अशाच एका खऱ्या शाळेतून त्या आजारी होऊन घरी आल्या आणि १८२५ साली गेल्या. तिथे मुलांचे हाल करणारा माणूस चटकन ओळखू येत होता. आज ज्या पुस्तकाकडे वळायचं आहे, त्यातला माणूस ओळखायला जड जातं. तो मुलांना अन्न, वस्त्र आणि शाळा देऊ करत होता. घेत होता ती फक्त त्यांची आई.

पश्चिम ऑस्ट्रेलियात १९०५ साली एक कायदा झाला. सोळा वर्षांखालच्या प्रत्येक मूलनिवासी मुलाचा कायदेशीर पालक म्हणून त्याने एका सरकारी अधिकाऱ्याला नेमलं. अधिकाऱ्याचं पद होतं ‘चीफ प्रोटेक्टर’, म्हणजे मुख्य संरक्षक. आई जिवंत असो, धडधाकट असो, लेकराला कडेवर घेऊन समोर उभी असो, कागदावर तिचा शब्द चालत नसे. १९१५ ते १९४० या खुर्चीवर ए. ओ. नेव्हिल होता. गोऱ्या बापाची आणि मूलनिवासी आईची मुलं त्यांच्या माणसांतून काढून गोऱ्या समाजात मिसळून टाकली, की काही पिढ्यांत त्यांच्यातला काळा रंग उरणार नाही, असं त्याचं ठाम मत होतं. १९४७ साली आलेल्या त्याच्या पुस्तकात एक फोटो आहे : आजी, आई आणि नातू, पिढीगणिक उजळत गेलेले. मला तो फोटो फार वेळ बघवत नाही. त्या तिघांच्या मध्ये जी माया असेल तिची दखल घ्यायला त्यात जागाच ठेवलेली नाही.

डोरिस पिल्किंग्टन यांचं ‘फॉलो द रॅबिट-प्रूफ फेन्स’ हे पुस्तक १९९६ साली आलं. नावातलं कुंपण खरंच ससे अडवण्यासाठी घातलेलं. १८५९ साली व्हिक्टोरियात एका जमीनदाराने शिकारीच्या हौसेपोटी थोडे ससे सोडले, ते वाढत वाढत अख्खा खंड कुरतडत पश्चिमेला निघाले. तेव्हा पश्चिम ऑस्ट्रेलियाने १९०१ ते १९०७ या काळात दक्षिण किनाऱ्यापासून उत्तर किनाऱ्यापर्यंत तारेचं कुंपण घातलं. लांबी अठराशे किलोमीटरच्या वर. ससे तरीही पलीकडे गेलेच. पण वाळवंटाच्या कडेला, जिगालाँग इथे, कुंपणाच्या देखभालीसाठी एक ठाणं झालं, आणि तिथले मूलनिवासी मार्डू लोक हळूहळू त्याच्या आसपास येऊन राहू लागले. कुंपणाचा एक इंग्रज तपासनीस आणि मॉड नावाची मार्डू बाई यांची मुलगी ती मॉली. वस्तीतली पोरं तिला रंगावरून चिडवायची. गोऱ्यांत तर तिला जागा नव्हतीच.

१९३१ साली मॉली चौदा वर्षांची होती. एक पोलीस आला आणि मॉली, आठ वर्षांची डेझी आणि या दोघींच्या मधल्या वयाची ग्रेसी अशा तिघींना घेऊन गेला. या मावसबहिणी मार्डू रिवाजात सख्ख्या बहिणीच. मागे राहिलेल्या बायकांनी घरात मयत झाल्यासारखा आकांत मांडला, दगडांनी स्वतःची डोकी फोडून घेतली. आधी जमिनीवरून, मग बोटीने मुलींना दक्षिणेला नेलं. पर्थच्या उत्तरेला मूर रिव्हर नावाची वसाहत होती, तिथे त्यांना ठेवलं. निजायची खोली रात्री बाहेरून कुलूपबंद. खिडक्यांना गज. आपल्या भाषेत बोलायचं नाही. पळून जाऊन सापडलेल्यांना कोंडून ठेवत.

मॉलीने तिथे फार दिवस काढले नाहीत. पाऊस लागलेला बघून ती धाकट्या दोघींना म्हणाली, चला घरी. पाऊस पावलांचे ठसे धुऊन नेतो, माग काढणाऱ्याला मग काही दिसत नाही, हे तिला वस्तीतल्या शहाण्या माणसांनी शिकवलं होतं. नकाशा नव्हता. माहिती एवढीच होती की बापाने राखलेलं ते कुंपण उत्तर-दक्षिण जातं आणि आपल्या घराजवळून जातं. कुंपण सापडलं की घर सापडलं.

ते सापडेपर्यंतची आणि सापडल्यानंतरची वाट मिळून सोळाशे किलोमीटर. मुंबईहून दिल्ली गाठली तरी एवढं अंतर भरत नाही. नऊ आठवडे लागले. सशांच्या बिळांत झोपल्या, आणि ज्यांना अडवायला ते कुंपण घातलं होतं तेच ससे भाजून खाल्ले. झुडपांनी ओरबाडलेल्या पोटऱ्या पिकल्या, तेव्हा मॉलीने डेझीला पाठीवर घेतलं. वाटेत शेतावरच्या गोऱ्या बायकांनी त्यांना पोटभर खाऊ घातलं, अंगावर कोट दिले आणि मुलींची पाठ फिरताच अधिकाऱ्यांना कळवलं. या बायकांवर मला रागावता येत नाही आणि त्यांना सोडूनही देता येत नाही. मॉलीने त्यांना पुरतं ओळखलं होतं. कुठे निघालात, असं विचारलं की ती उलटी दिशा सांगायची. ऑगस्टमध्ये पर्थच्या वर्तमानपत्रात मुलींच्या शोधाचं निवेदन आलं होतं. पोलीस मागावर होते.

ग्रेसी शेवटपर्यंत टिकली नाही. तिची आई विलुना गावात असल्याचं कुणीतरी सांगितलं, म्हणून ती वाट सोडून तिकडे गेली आणि पकडली गेली. पुन्हा तिला जिगालाँग दिसलं नाही. मॉली आणि डेझी घरी पोचल्या.

या पुस्तकावर २००२ साली फिलिप नॉइसने काढलेला गाजलेला चित्रपटही मुख्यतः एवढीच गोष्ट सांगतो. इथे पोचल्यावर वाचकाला हायसं वाटतं. मलाही वाटलं होतं. आपल्याकडच्या वाचनालयांत अशा अनुवादित पुस्तकांची कायम मागणी असते : छळलेलं मूल, खंबीर बाई, शेवटी सुटका. आपण डोळे पुसतो, पुस्तक परत करतो. पण या पुस्तकाच्या अगदी शेवटी, पुढे कुणाचं काय झालं ते सांगणारा छोटासा मजकूर आहे. तो मी पहिल्यांदा घाईत वाचला. तसं करायला नको होतं.

मॉलीचं लग्न झालं, दोन मुली झाल्या. १९४० साली अपेंडिक्सच्या ऑपरेशनसाठी तिला पर्थला नेलं. बरी झाल्यावर घरी न पाठवता मुलींसकट पुन्हा मूर रिव्हरला टाकलं. १९४१ साली ती पुन्हा निघाली. यावेळी दीड वर्षांची अॅनाबेल कडेवर होती. चार वर्षांची थोरली मागे राहिली, कारण दोघींना उचलून ती वाट कापणं कुणालाच शक्य नव्हतं. मॉली पुन्हा जिगालाँगला पोचली. तीन वर्षांनी मूलनिवासींच्या सरकारी खात्याने अॅनाबेललाही नेलं. मॉली २००४ साली वारली, पण ही मुलगी तिला परत कधी दिसली नाही.

मागे राहिलेली चार वर्षांची मुलगी म्हणजे डोरिस, या पुस्तकाची लेखिका.

हे कळल्यावर मी पुस्तक पहिल्या पानापासून पुन्हा वाचलं, आणि ते वेगळंच निघालं. आई आपल्याला टाकून गेली हे शल्य डोरिसने वर्षानुवर्षं बाळगलं. मिशनमध्ये ती वाढली. तुमचे लोक, तुमचे रिवाज सैतानाचे, असं तिथे शिकवलं जाई, आणि तिने ते खरं मानलं होतं. पुढे ती नर्सिंगचं शिकली, संसार केला, आणि १९६२ साली, एकवीस वर्षांनी, आईला भेटली. कुंपणाच्या वाटेची गोष्ट तिला प्रथम ऐकवली ती डेझीमावशीने. मग डोरिस सरकारी दप्तरांकडे गेली : तारा, पत्रं, पोलिसांचे अहवाल. त्यामुळे पुस्तकात दोन आवाज शेजारी शेजारी चालतात. मावशीच्या आठवणीत पाऊस आहे, भूक आहे, पाठीवरचं ओझं आहे. दप्तरात मुलींच्या रंगाची नोंद आहे आणि शोधाच्या खर्चाची काळजी आहे. जी वाट तिला मिळाली नाही, ती तिने आईसाठी पावलापावलाने लिहून काढली. मॉलीच्या खंबीरपणाबद्दल बोलताना म्हणून मी जरा थबकते. दोनदा तेवढं अंतर चालूनही तिच्या दोन्ही मुली तिच्यापासून गेल्या. पायांनी जे जिंकलं ते कायद्याने परत घेतलं.

१९९७ साली अशा आईपासून तोडलेल्या मुलांविषयीचा राष्ट्रीय चौकशीचा अहवाल आला. १९१० ते १९७० या काळात मूलनिवासी मुलांपैकी दहातलं एक ते तिनातलं एक मूल बळजबरीने उचललं गेलं, असा त्याचा अंदाज. १३ फेब्रुवारी २००८ रोजी पंतप्रधान केव्हिन रड यांनी संसदेत माफी मागितली. तोवर मॉली नव्हती. डेझी होती. ती २०१८ साली गेली.

‘डोरिस’ हे नावही आईने ठेवलेलं नव्हतं. आईने ‘नुगी’ म्हटलं होतं. जिथे आई कामाला होती तिथल्या गोऱ्या मालकिणीला ते नाव पसंत पडलं नाही, तिने बदललं. जन्मतारीख खात्याने लिहून टाकली, १ जुलै १९३७. पुस्तकावर लेखिकेने दोन्ही नावं छापली आहेत, डोरिस पिल्किंग्टन आणि नुगी गारिमारा. आपण जन्मलो कुठे, हे मात्र कुठल्या कागदावरून नव्हे, तिला आपल्या माणसांकडूनच कळलं : बॅलफर डाउन्सच्या माळावर, एका विंटामारा झाडाखाली. २००२ साली आलेल्या पुढच्या पुस्तकाला तिने त्या झाडाचं नाव दिलं.